चौदा नंबरची पेटी

चष्मा पुसायचं फडकं काढावं म्हणून आयरीन हुडाकने हातमोजा उतरवून डगल्याच्या खिशात हात घातला आणि तिची बोटं कशात तरी रुतली. कोमट, चिकट, आणि त्यात बारीक कडक कपच्या. खुर्चीत आडवी झालेली बाई आ वासून छताकडे बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी गुरगुरत होती. "एक मिनिट हं," आयरीन म्हणाली आणि मूठ न उघडता बेसिनपाशी गेली. नळाखाली मूठ उघडल्यावर आधी कवचं वाहून गेली, पांढुरकी, तपकिरी ठिपक्यांची. मग पिवळसर बुळबुळीत काहीतरी. तळहातावर जे उरलं ते मात्र पाण्याने जाईना. नखाएवढं, गुलाबी, स्वतःभोवती मिटलेलं. त्याला डोळा होता. कातडीखालून काळानिळा दिसणारा, अंगाच्या मानाने फारच मोठा डोळा. आयरीनने तो हात तसाच पाण्याखाली धरून ठेवला. मागे बाईने घशातून प्रश्नार्थक आवाज काढला. तीस वर्षं आयरीन लोकांचे दात साफ करत होती. रक्त, पू, कुजलेल्या मुळांचा वास, कशाने तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. आत्ता तिच्या पोटातून आंबट काहीतरी वर आलं आणि दाताला लागून परत खाली गेलं. तिने कागदाच्या रुमालात ते उचललं, पायाने कचऱ्याचं झाकण उघडलं, टाकलं. दोनदा साबण लावला. नवे हातमोजे चढवून ती परत खुर्चीपाशी आली आणि बाईच्या उघड्या तोंडात आरसा घालताना तिला पहिल्यांदाच वाटलं की हे तोंड आपल्याकडे काहीतरी मागतं आहे.

गुरुवार होता. दर गुरुवारी उजाडता उजाडता ती नदीकाठच्या पायवाटेवर जायची आणि बावीस पेट्या तपासून साडेआठला दवाखान्यात हजर व्हायची. लोखंडी खांबांवर बसवलेल्या देवदाराच्या पेट्या, पुढच्या बाजूला दीड इंचाचं भोक, कडेला स्क्रूड्रायव्हरने उघडायचं दार. त्या ब्लूबर्डसाठी होत्या: निळी पाठ, विटकरी छाती, मुठीत मावेल एवढा पक्षी, ज्याला झाडाची ढोली लागते आणि ढोल्यांची जुनी झाडं तर कोणी ठेवलेली नाहीत. पण भोकाला काय कळतं आत कोण शिरतंय. चिमण्याही शिरत आणि ब्लूबर्डला हुसकावत. त्या शिरल्या की त्यांचं घरटं ओढून काढायचं, अंडी घ्यायची, पेटी झाडून बंद करायची. आज घाई होती म्हणून ती दवाखान्याचा डगला आतून घालूनच आली होती. चौदा नंबरच्या पेटीतली पाच अंडी खिशात टाकली, पुढे झुडपांत फेकू म्हणून, आणि विसरली. ताजी असतील असं तिने धरलं होतं. मागच्या गुरुवारी बहिणीला, बर्निसला, डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून एक फेरी चुकली, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्या चुकलेल्या आठवड्यात अंड्यांना डोळे फुटले होते.

हे सगळं तिला वेंडेलने शिकवलं होतं. वेंडेल आता ब्याऐंशीचा. शाळेत सुतारकाम शिकवायचा, उजव्या हाताची करंगळी करवतीत गेलेली. पेट्या सगळ्या त्याच्या हातच्या. अकरा वर्षांपूर्वी, नवरा, रूडी, घर सोडून गेला त्या वसंतात, आयरीन शनिवारच्या पक्षी बघणाऱ्या घोळक्यात जाऊन उभी राहिली होती, कारण शनिवारी सकाळी घरात बसवत नव्हतं. बाकीचे दुर्बिणी लावून फांद्यांकडे बघत. वेंडेल तिच्या हातांकडे बघत होता. "तुमचे हात स्थिर आहेत," तो म्हणाला, "असे हात मला हवेत." पंधरा दिवसांनी त्याने तिला पेटीतला सापळा दाखवला, आत सापडलेला चिमणा दाखवला, काळ्या गळ्याचा, रागाने फुगलेला, आणि त्याला मुठीत कसा धरायचा, छातीवर अंगठा कुठे टेकवायचा ते दाखवलं. "हा पक्षी नव्हे," तो म्हणाला, "ही चूक आहे. कोणीतरी दुसऱ्या खंडातून बोटीत घालून इथे आणली आणि सोडली. आपण दुरुस्त करतो, एवढंच." तो हे इतक्या शांतपणे म्हणाला होता की आयरीनला आपल्या आजोबांची आठवण व्हायला दोन दिवस लागले. आजोबाही बोटीतूनच आले होते, स्लोव्हाकियातल्या खेड्यातून टायरच्या कारखान्यात, आणि टेकडीवरच्या घरांतली माणसं त्यांच्या गल्लीबद्दल साधारण हेच म्हणत. पण तोवर तिने पहिला चिमणा स्वतःच्या हाताने मारला होता, आणि आठवण आली तशी गेली.

बर्निस तिची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. फेब्रुवारीत तिचा नवरा एमिल गेला, मार्चमध्ये ती दोन बॅगा आणि एक दिवा घेऊन आयरीनच्या फ्लॅटवर राहायला आली आणि सोफ्यावर बसली. बसली ती बसलीच. शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं तीनशे पोरांचं जेवण करणारी बाई. आता पाव भाजायला ठेवायची आणि करपल्याचा वास आला तरी उठायची नाही. जेवणाचं ताट पुढे ठेवलं की काट्याने बटाटे इकडचे तिकडे करायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चाला म्हणाले. आयरीन तिला पायवाटेवर घेऊन गेली. पाच, आठ, बारा अशा पेट्यांवरून बर्निस कोट गळ्याशी गच्च धरून निर्विकार चालत होती. ब्लूबर्डची जोडी तारेवर येऊन बसली, आयरीनने दाखवली. "सुंदर आहेत," बर्निस म्हणाली, जसं दुकानातल्या न घ्यायच्या वस्तूला म्हणतात. चौदा नंबरपाशी ती थांबली. एक चिमणा चोचीत कोंबडीचं पांढरं पीस घेऊन भोकातून आत जायची खटपट करत होता. पीस आडवं, भोक लहान. तो मागे येई, पुन्हा आडवंच घुसवी. "एमिलने सोफा असाच वर चढवला होता," बर्निस म्हणाली आणि हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आयरीनने काही सांगितलं नाही. त्या क्षणी काय सांगणार होती.

मग बर्निस रोज जाऊ लागली. पायवाट घरापासून वीस मिनिटांवर. दहा वाजता घडीची खुर्ची खांद्याला अडकवून निघायची आणि चौदा नंबरसमोर खुर्ची मांडून बसायची. चिमण्याचं नाव तिने मुकादम ठेवलं, कारण तो चिमणीला काम सांगत पेटीच्या छपरावर बसे. संध्याकाळी जेवताना मुकादमाच्या गोष्टी. आज मुकादमाने प्लास्टिकची दोरी आणली. आज मुकादम आणि पलीकडचा निळा साहेब यांची जुंपली. (पंधरा नंबरची पेटी चौदाच्या शेजारीच, वीस पावलांवर होती, आणि तिच्यात ब्लूबर्डची जोडी होती.) आणि दर गुरुवारी संध्याकाळी: "आयरीन, आज परत घरटं नाही. पार काडीसुद्धा नाही. कोण हलकट येतो कोण जाणे."

"रॅकून असेल," पहिल्या वेळी आयरीन म्हणाली होती. रात्री कचऱ्याचे डबे उपसणाऱ्या त्या जनावराचं नाव तोंडातून सुटलं ते सुटलं.

"रॅकून एवढं साफ करतो? झाडून काढल्यासारखं?"

"हात असतात त्यांना. माणसासारखे."

"मेले," बर्निस म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातला तुपाचा डबा नेला आणि चौदा नंबरच्या खांबाला वरपासून खालपर्यंत फासला. पुढच्या गुरुवारी अंधुक उजेडात आयरीनचा हात त्या खांबाला लागला आणि मनगटापर्यंत तूप झालं. तिथेच उभी राहून तिने ते गवताला पुसलं आणि तुपाळ बोटांनीच आतलं घरटं ओढून काढलं: वाळकं गवत, पिसं, प्लास्टिकची दोरी, सिगारेटचं थोटूक, आणि बर्निसच्या राखाडी स्वेटरचा एक धागा. तो धागा तिने मुद्दाम पेटीवर ठेवला असणार, त्याने घ्यावा म्हणून. आयरीनने तो बाकीच्याबरोबर झुडपात टाकला.

अंडी फुटली त्या गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तर बर्निस दारातच उभी. "परत," ती म्हणाली. "या वेळी अंडी होती, आयरीन. चिमणी चार दिवस बाहेर दिसत नव्हती, उबवत होती. मला माहीत आहे. मुकादम आज नुसता छपरावर बसून होता. ओरडतसुद्धा नव्हता." तिचे डोळे लाल होते. आयरीन सरळ न्हाणीघरात गेली आणि तिसऱ्यांदा हात धुतले. बोटांना क्लिनिकच्या साबणाचा वास येत होता, त्याच्या खाली काहीच नव्हतं, आणि तरी होतं. जेवायला आंबवलेल्या कोबीचे वडे होते, आईच्या पद्धतीचे, बर्निसने किती दिवसांनी केलेले. आयरीनने एक फोडला. आतून वाफ आली आणि मऊ, ओलसर, पांढुरकं काहीतरी दिसलं. तिने तो मिटवून ठेवला. "आता तू नाही जेवत," बर्निस म्हणाली. "आळीपाळीने उपास करू या आपण दोघी." त्या रात्री आयरीनने ठरवलं की चौदा नंबर सोडून द्यायची. बावीसपैकी एक. वेंडेलला कळायचं कारण नाही. चार पिल्लं होतील, उडतील, बर्निस त्यांना नावं ठेवेल. यात दया किती आणि पुन्हा खिशात हात घालायची भीती किती, याचा निवाडा तिने केला नाही.

मे महिना आला आणि सगळीकडून ओल सुटली. दरवर्षी याच दिवसांची ती वाट पाही. लोकांना सांगे की पायवाटेवरच्या या सहा आठवड्यांनी मला वाचवलं. या वर्षी तिला सगळ्याची शिसारी येऊ लागली. डबक्यांत बेडकांच्या अंड्यांचे गोळे थरथरत होते, प्रत्येक थेंबात एक काळा ठिपका. दलदलीतून रुंद पानांची ती झाडं वर आली होती, कुजक्या मांसासारखा वास सोडणारी, माश्यांना भुलवायला. उन्हातल्या दगडावर दहाबारा साप एकमेकांत गुंडाळून एकच गोळा होऊन लोळत होते, आणि एक आई आपल्या दोन मुलींना ते दाखवत हळू आवाजात म्हणत होती, "बघा, किती छान." घरी आल्यावर मानेच्या मागे हात गेला की गोचीड हाताला लागे, रक्ताने टम्म फुगलेली. आणि पेट्या उघडल्या की तोंडं. दार उघडल्याच्या आवाजाला आंधळी, उघडी पिल्लं माना ताणून आ करत. आतून पिवळीजर्द, कडेला फुगीर, देहापेक्षा मोठी तोंडं. त्यांना आई आणि स्क्रूड्रायव्हर यांतला फरक कळत नव्हता. आयरीन पटकन दार लावी. दवाखान्यात दिवसभर तीच तोंडं, फक्त दात असलेली. हे सगळं काय आहे, तिच्या मनात येई. नुसतं घ्यायचं, फुगायचं, फुटायचं आणि पुन्हा घ्यायचं. पक्ष्यांची गाणीसुद्धा तिला आता ऐकू येत ती 'हे माझं आहे, सरक' एवढीच. बर्निस मात्र बहरत होती. चौदा नंबरमध्ये नवं घरटं झालं, पुन्हा अंडी आली, गुरुवार गेला तरी घरटं जागेवर. "तुपाने काम केलं," ती म्हणाली. "रॅकूनचे पाय घसरले."

मेच्या तिसऱ्या शनिवारी दोघी बरोबर गेल्या. पंधरा नंबरमधली ब्लूबर्डची पिल्लं नऊ दिवसांची झाली होती. आयरीनला दुरूनच काही खटकलं: नर तारेवर बसून चोचीत आळी धरून होता आणि खाली उतरत नव्हता. पंधरा नंबरच्या भोकातून वाळकं गवत लोंबत होतं. ब्लूबर्डचं घरटं आतल्या आत असतं, वाटीसारखं सुबक. असं लोंबत नाही. तिने दार उघडलं. आत गवताचा भारा ठासून भरला होता, पिसं, कागदाचे कपटे. तो उचलल्यावर निळा पंख दिसला. मादी होती. पंख पसरून पालथी पडली होती, आणि तिच्या डोक्याला वरची कातडी नव्हती; चोचीने टोचून टोचून कवटी उघडी केली होती, एक डोळा जागेवर नव्हता. तिच्याखाली आयरीनने बोट घातलं तर ऊब लागली. चार पिल्लं. आईचं रक्त त्यांच्या नुकत्या फुटलेल्या पिसांवर वाळून चिकटलं होतं. आईच्या प्रेताखाली, गवताच्या भाऱ्याखाली, ती जिवंत होती, आणि उजेड येताच एकाने मान वर करून तोंड उघडलं.

बर्निस तिच्या खांद्यावरून बघत होती. 

"रॅकून?" बर्निसने विचारलं.

"रॅकून नाही. मुकादम."

"काहीतरीच."

"त्याला दोन्ही पेट्या हव्या होत्या. ती पिल्लांवर बसलेली असताना आत शिरला. आत जागा नसते, बर्नी. पंख उघडता येत नाहीत. तो असाच मारतो, डोक्यावर. मग तिच्या अंगावरच घर बांधायला घेतलं." आयरीनला आपला आवाज वेंडेलसारखा ऐकू आला. तिने मादीला बाहेर काढून गवतावर ठेवलं. मग, दाताचा पू एकदाचा काढून टाकावा तसं म्हणाली, "आणि चौदा नंबरचं घरटं दर गुरुवारी जायचं, ते रॅकून नव्हता. मी होते."

बर्निसने खुर्ची खांद्यावरून खाली ठेवली, उघडली नाही. "तू."

"माझं कामच ते आहे. अकरा वर्षं."

"अंडीसुद्धा?"

"अंडीसुद्धा."

"मी दारात रडत उभी होते, तेव्हा तू हात धूत होतीस," बर्निस म्हणाली. तिने हे आरोपासारखं म्हटलं नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं तसं म्हटलं. "आणि गेले तीन आठवडे?"

"गेले तीन आठवडे नाही केलं."

"का?"

"तुझ्यासाठी."

"म्हणजे ही माझ्या नावावर." बर्निसने गवतावरच्या निळ्या पक्ष्याकडे पाहिलं. "छान. लहानपणापासून तुझं असंच. बशी तू फोडायचीस आणि धक्का माझा लागलेला असायचा." ती खाली वाकली, बोटाच्या टोकाने पक्ष्याच्या पाठीवरची निळी पिसं सरळ केली, आणि उठताना तिचा चेहरा वेगळाच झाला होता. "मग आता? काय करतेस तू, असं झालं की?"

आयरीनने पिशवीतून सापळा काढला. पिल्लं बापाच्या भरवशावर जगू शकतील एवढी मोठी होती, पण मुकादम असेपर्यंत बाप आत जाऊ धजणार नव्हता. तिने पंधरा नंबर साफ केला, पिल्लांखाली कोरडं गवत घातलं, दार लावलं. चौदा नंबरमध्ये सापळा बसवला आणि दोघी दूर जाऊन उभ्या राहिल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. मुकादम छपरावर आला, इकडे तिकडे बघितलं, मालकासारखा आत शिरला. भोकावर पत्रा पडला. आयरीनने भोकाला पिशवी लावून त्याला पिशवीत घेतलं, पिशवीत हात घातला, आणि तो तिच्या मुठीत आला. गरम होता. त्याचं काळीज तिच्या तळव्यावर इतक्या वेगाने आपटत होतं की ठोके सुटे कळत नव्हते. अंगठा आपल्या जागी गेला. त्याला जागा पाठ होती. आणि तिथे नुसता टेकून राहिला. दाब, ती स्वतःला म्हणाली. तिला त्या बोटांत पुन्हा ती कोमट बुळबुळ जाणवली, तो डोळा. ही दया नव्हती, हे तिला स्वच्छ कळत होतं. आई मारून पिल्लांवर गवत रचणाऱ्या या पक्ष्याबद्दल तिला कणाएवढी दया नव्हती. फक्त किळस होती, आणि किळस येणारी वस्तू हात दाबून धरू शकत नाही एवढंच.

"काय झालं?" बर्निसने विचारलं.

"जमत नाही."

"अकरा वर्षं जमलं आणि आज जमत नाही?"

"बर्नी, त्याला सोडते मी. दूर नेऊन सोडते."

"परत येईल. मी सहा आठवडे बघतेय त्याला. तो परत येणारच. दे इकडे." बर्निसने हात पुढे केला. गुबगुबीत, भाजल्याचे जुने डाग असलेला, लग्नाची अंगठी मांसात रुतलेला हात. तिने मुकादमाला आयरीनच्या मुठीतून आपल्या मुठीत घेतलं, क्षणभर त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि आजीकडे कोंबडीची पिरगळायची तशी त्याची मान पिरगळली. बारीकसा आवाज झाला, पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखा. पंख दोनदा थरथरले. बर्निसने ते थांबेपर्यंत मूठ सैल केली नाही. मग चौदा नंबरकडे गेली, स्वतः दार उघडलं, घरटं एका हाताने ओढून खाली टाकलं आणि अंडी बुटाखाली घेतली. आयरीन बघत होती. तारेवरचा नर तोवर खाली उतरला होता आणि चोचीतली आळी घेऊन पंधरा नंबरमध्ये शिरला होता. आतून चिवचिवाट झाला. "गेला बघ," बर्निस म्हणाली, आणि कोटाला हात पुसत पुढे म्हणाली, "मला भूक लागलीय."

रस्त्यापलीकडच्या खानावळीत तिने सॉसेज, तीन अंडी, परतलेले बटाटे मागवले आणि सगळं खाल्लं. पावाने बशी पुसली. आयरीन समोर कॉफी घेऊन बसली होती. तीस वर्षांच्या सवयीने तिची नजर बहिणीच्या जबड्यावर गेली: डाव्या बाजूच्या दाढा नाहीत म्हणून सगळं उजवीकडे चावते, चावताना कानाजवळचा स्नायू टरारून येतो, ओठांना चरबीची चकाकी. गालावर रंग आला होता. फेब्रुवारीपासून आयरीन ज्याची वाट बघत होती ते हेच होतं, हे एवढंच, की बर्निसने ताट संपवावं. आणि आता ते बघवत नव्हतं. "घेतेस का?" बर्निसने सॉसेजचा शेवटचा तुकडा काट्यावर धरून पुढे केला. आयरीनने मान हलवली. "मला वाटलं होतं वाईट वाटेल," तुकडा तोंडात टाकून बर्निस म्हणाली. "एमिलच्या वेळी मी नुसती खुर्चीत बसून राहिले. नळ्या, यंत्रं, नर्सा. मला म्हणायचे, तुम्ही बसा. तीन आठवडे मी बसले. आज काहीतरी केलं मी. कळतंय का तुला?"

कळत होतं. तिचंही तेच तर झालं होतं. बर्निस बोलत होती आणि आयरीनच्या मनात अकरा वर्षांपूर्वीचा एक रविवार पाण्यातून फुगून वर यावा तसा वर येत होता. रूडी गेल्यापासून ती झोपली नव्हती. दोन महिने, रात्रीमागून रात्र, छताकडे बघत. लोकांना तिने पुढे सांगितलं, पहाटेच्या पाखरांनी मला झोप परत दिली. वेंडेलनेही आपल्या भाषणांतून ते सांगितलं, नाव न घेता, एक बाई म्हणून. खरं असं होतं की त्या रविवारी तिने पहिला चिमणा मारला. अंगठ्याखाली काहीतरी फुगलं, थांबलं, आणि सैल झालं. ती घरी आली, उभ्या उभ्या अर्धी कोंबडी खाल्ली आणि कपड्यांसकट बारा तास झोपली. स्वप्नसुद्धा नाही. त्या मुठीत रूडी नव्हता असं तिने स्वतःला कधी सांगितलं नव्हतं, कारण तसं विचारलंच नव्हतं. निळ्या पक्ष्यांची संख्या वाढली, पेट्या भरल्या, वेंडेलच्या वहीत तिचं नाव लागलं. ते सगळं खरं होतं. पण अकरा वर्षं गुरुवारी उजाडता उजाडता अंथरुणातून तिला कोण उठवत होतं, निळी पाठ की काळा गळा? तिने कॉफीचा कप खाली ठेवला. कॉफीवर दुधाची साय आली होती आणि तिला सुरकुती पडली होती.

त्यानंतर बर्निस गुरुवारीही येऊ लागली. स्क्रूड्रायव्हर आयरीनच्या हातात असे, पण पेटीत चिमणी निघाली की आयरीन बाजूला होई. कोणी काही ठरवलं नव्हतं. बर्निस वेंडेलशी फोनवर तासतास बोले. "तुम्ही लाकूडच चुकीचं वापरलंय," असं त्याला ऐकवी, आणि तो हसल्याचं पलीकडून ऐकू येई. गोळ्या तिने बंद केल्या. सकाळी पाव भाजताना गुणगुणे. "तुमची बहीण म्हणजे रत्न आहे," वेंडेल एकदा आयरीनला म्हणाला. "हात बघितलेत का तिचे?"

जूनच्या पहिल्या शनिवारी पंधरा नंबरमधली पिल्लं उडाली. दोघी पहाटेपासून खुर्च्या मांडून बसल्या होत्या. एकट्या बापाने दोन आठवड्यांत चौघांना वाढवलं होतं. त्याच्या छातीचा विटकरी रंग उतरला होता, शेपटीतलं एक पीस मोडलं होतं. तो चोचीत आळी घेऊन समोरच्या फांदीवर बसला आणि बोलावत राहिला. भोकात एक ठिपकेदार डोकं आलं, आत गेलं, पुन्हा आलं. मग ते बाहेर पडलं, म्हणजे अक्षरशः पडलं, आणि जमिनीच्या वीतभर वर येऊन त्याला पंखांची आठवण झाली. दुसरं. तिसरं. चौथं पाऊण तास भोकात बसून राहिलं. ते सुटलं तेव्हा बर्निसने आयरीनचा हात धरला. ती रडत होती, तोंड न झाकता, लहान मुलीसारखी. "जगली," ती म्हणाली. "चारीच्या चारी." आयरीन वाट बघत होती, आपल्यालाही काही होईल म्हणून. दरवर्षी व्हायचं. काही झालं नाही. फक्त बहिणीचा तळवा होता, उबदार, थोडासा ओलसर, आणि त्यातून आपला हात काढून घ्यावा असं तिच्या खांद्यापर्यंत दाटून आलं.

"पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही, बर्नी," ती म्हणाली. "गुरुवारीही नाही."

बर्निसने नाक पुसलं. "का?"

"मला किळस येते."

"माझी?"

आयरीनने खोटं बोलायचं ठरवलं, तसं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "हो. तुझी. आणि आधी माझी."

 झाडात कुठेतरी चार पिल्लं भुकेने ओरडत होती आणि बाप एकीकडून दुसरीकडे जात होता. "तुला परवडतं ते," ती शेवटी म्हणाली, रागाशिवाय. "मला फेब्रुवारीपासून कशाचीच किळस येत नव्हती, आयरीन. करपलेल्या पावाचीसुद्धा नाही. ते काय असतं तुला माहीत आहे. मी परत तिथे जाणार नाही." तिने आपली खुर्ची मिटून खांद्याला अडकवली. "दे तो स्क्रूड्रायव्हर."

आयरीनने खिशातून काढून दिला. बर्निस सोळा नंबरकडे निघाली. तिची चाल आता भरभर होती, कोट उघडा.

आयरीन परत फिरली. वळणावर दुर्बिणी गळ्यात घातलेलं एक तरुण जोडपं भेटलं. बाईच्या हातात पक्ष्यांचं नवंकोरं पुस्तक होतं, पानांना अजून कडकपणा. "आज काही बघण्यासारखं आहे का?" तिने विचारलं.

"पंधरा नंबरमधली पिल्लं आत्ताच उडाली."

"अरेरे. थोडक्यात चुकलो. आम्ही या वर्षीच यायला लागलोय. कोणी दाखवणारं असतं का इथे?"

"पुढे माझी बहीण आहे," आयरीन म्हणाली. "तिला विचारा. ती दाखवेल."

ती दोघं आभार मानून घाईघाईने पुढे गेली. आयरीन गाडीपाशी आली, आत बसली, दार लावून घेतलं. काच वर होती. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. तिने किल्ली लावली आणि तशीच ठेवली. बर्निसच्या अजून सात पेट्या व्हायच्या होत्या, आणि तिला घरी न्यायचं होतं.